बायकांनी रजा घेतली तो देश : आइसलंड

मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारते, रागावू नका हं. समजा, उद्या सकाळी तुम्ही उठलात, अगदी ठणठणीत आहात, पण चहाचे आधण ठेवले नाही. दूध तापवले नाही, डबे भरले नाहीत, मुलींच्या वेण्या घातल्या नाहीत. चांगलीशी साडी नेसलात, पायांत चपला सरकवल्या आणि "येते मी संध्याकाळी" असे सांगून सरळ घराबाहेर पडलात. तर काय होईल?

"काहीतरीच काय!" असे तुम्ही म्हणाल. "असं कुठे झालंय का?"

झाले आहे. आणि एकीने-दोघींनी नव्हे, एका अख्ख्या देशातल्या बायकांनी ते एकाच दिवशी केले आहे. तो दिवस होता शुक्रवार, २४ ऑक्टोबर १९७५, आणि तो देश आइसलंड.

त्या दिवसाची हकीकत मी सांगणारच आहे. पण आधी या देशाची नीट ओळख करून घेऊ या. कारण तिथल्या बायकांना ही बुद्धी एका रात्रीत सुचली नाही. त्या दिवसामागे तिथली जमीन आहे, थंडी आहे, लोकर आहे आणि हजार-अकराशे वर्षांचा संसार आहे.

कुठे आहे हा देश?

मुलांच्या शाळेतला नकाशा काढा. युरोपच्या वायव्येला, अटलांटिक महासागराच्या अगदी वरच्या अंगाला, उत्तरध्रुववृत्ताच्या किंचित खाली एक एकटे बेट दिसेल. तेच आइसलंड. क्षेत्रफळ सुमारे १ लाख ३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचे तीन सारखे भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढे. आणि माणसे किती? चार लाखसुद्धा नाहीत! आपल्या सांगली-मिरजेत याहून जास्त माणसे राहतात. १९७५ साली तर तिथे सव्वादोन लाखांच्या आतच वस्ती होती.

नाव आइसलंड, म्हणजे बर्फाची भूमी. देशाचा सुमारे दहावा हिस्सा खरोखरच कायमच्या बर्फाखाली आहे. वात्नायोकुल नावाची एकच हिमनदी हजारो चौरस किलोमीटर पसरलेली आहे. पण गंमत अशी, की या बर्फाच्या खाली आग आहे. अटलांटिक महासागराच्या तळाशी पृथ्वीच्या कवचाला एक लांबलचक भेग आहे. एका बाजूला अमेरिकेकडचे कवच, दुसऱ्या बाजूला युरोपकडचे. ती दोन्ही वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर या वेगाने एकमेकांपासून दूर सरकताहेत. एरवी ही भेग पाण्याखाली असते, ती आइसलंडमध्ये जमिनीवर आलेली दिसते. त्यामुळे दर चार-पाच वर्षांनी देशात कुठे ना कुठे ज्वालामुखी जागा होतोच.

इतक्या उत्तरेला असूनही राजधानी रेक्याविकमध्ये जानेवारीतले सरासरी तापमान शून्य अंशाच्या आसपासच असते. दक्षिणेकडून येणारा समुद्राचा उबदार प्रवाह या बेटाला शेक देत जातो, म्हणून. अंधाराचे मात्र काही विचारू नका. डिसेंबरात उजेड असतो जेमतेम चार तास. मुले अंधारात शाळेत जातात आणि अंधारातच घरी येतात. उलट जूनमध्ये मध्यरात्रीसुद्धा काळोख होत नाही. तिथल्या आया मुलांना "रात्र झाली, झोपा आता" हे कसं पटवत असतील, कोण जाणे!

धुण्याची वाट

जमिनीखालच्या आगीने या देशाला त्रास दिला, तसे एक वरदानही दिले. जागोजागी उकळत्या पाण्याचे झरे आहेत. रेक्याविक या नावाचा अर्थच 'धुराचा उपसागर'. पहिल्या वसाहतवाल्यांना झऱ्यांची वाफ दिसली, ती त्यांना धुरासारखी वाटली, असे सांगतात.

जुन्या रेक्याविकमधल्या बायका घरचे धुणे या झऱ्यांवर नेत. झरे गावापासून तीनएक किलोमीटर लांब. ओले-सुके कपडे, टब, साबण, शिवाय कॉफीची किटली, असे सगळे ओझे पाठीवर घेऊन चिखलातून, बर्फातून, हिवाळ्याच्या अंधारातून त्या चालत जायच्या. पाणी कढत. पाय घसरला तर माणूस भाजूनच निघायचा. काही बायका अशा दगावल्यासुद्धा. मग पुढे झऱ्यावर लोखंडी कमानी घातल्या, म्हणजे कोणी आत पडू नये. एका महिला मंडळाने पुढाकार घेऊन तिथे धुणाऱ्या बायकांसाठी आडोशाचे घर बांधून दिले.

आज रेक्याविकमधला सर्वांत गजबजलेला, उंची दुकानांचा रस्ता आहे लौगावेगुर. नावाचा अर्थ 'झऱ्यांकडची वाट'. १८८५ साली तो बांधायला घेतला तो या धुणे वाहणाऱ्या बायकांची वाट सोपी व्हावी म्हणून. एका देशाच्या राजधानीतला मुख्य रस्ता बायकांच्या धुण्यासाठी बांधला गेला, हे ऐकून मला फार बरे वाटले. झऱ्यांपाशी आज धुणे वाहणाऱ्या बाईचा पुतळाही आहे.

१९३० साली याच झऱ्यांचे पाणी नळाने शहरात आणले. आधी एक शाळा, एक रुग्णालय आणि साठ-सत्तर घरे त्यावर उबदार झाली. आता देशातल्या दर दहा घरांपैकी नऊ घरे जमिनीतल्या उष्णतेवरच तापतात. ना कोळसा, ना रॉकेल, ना धूर. काचेच्या घरांत हेच पाणी खेळवून ते लोक टोमॅटो नि काकड्यासुद्धा पिकवतात.

आणि स्वयंपाकघराची गोष्ट राहिलीच की! तिथे राई नावाच्या धान्याचा एक काळसर, गोडसर पाव करतात. पीठ भिजवून झाकणाच्या डब्यात भरायचे आणि डबा झऱ्याजवळच्या गरम वाळूत पुरायचा. चोवीस तासांनी उकरून काढायचा. पाव तयार! वर ताज्या लोण्याचा गोळा. करपायची भीती नाही, गॅस संपायची चिंता नाही.

राखेखालचा संसार

पण या जमिनीवर संसार करणे म्हणजे विस्तवाशेजारी अंथरूण घालण्यासारखे.

८ जून १७८३ रोजी लाकी नावाच्या भागात सुमारे सत्तावीस किलोमीटर लांबीची जमीन फाटली. शंभरावर तोंडांमधून लाव्हा वाहू लागला, तो पुढचे आठ महिने वाहत होता. लाव्ह्याने मेली त्याहून कितीतरी जास्त माणसे उपासमारीने मेली. विषारी वायू गवतावर बसला. ते गवत खाऊन मेंढ्या मेल्या. दर पाचांतल्या चार मेंढ्या आणि निम्मी गुरे गेली. मेंढी गेली म्हणजे दूध गेले, मांस गेले, लोकर गेली. दोन-तीन वर्षांत देशातला दर पाचवा माणूस दगावला. तिथले लोक त्या काळाला 'धुक्याचे हाल' म्हणतात.

अलीकडची गोष्ट पाहा. २३ जानेवारी १९७३ च्या मध्यरात्रीनंतर हेइमाये नावाच्या छोट्या बेटावर गावाच्या अगदी कडेला जमीन फाटली. गावात सुमारे ५,३०० माणसे झोपलेली. नशीब एवढेच, की आदल्या दिवशी वादळ असल्याने मासेमारीच्या सगळ्या बोटी बंदरातच उभ्या होत्या. बायकांनी झोपलेली मुले गोधडीसकट उचलली नि बोटी गाठल्या. सकाळपर्यंत जवळजवळ सगळे गाव समुद्रापलीकडे सुखरूप पोचले होते. शेकडो घरे गेली. लाव्हा बंदराचे तोंड बुजवायला निघाला, तेव्हा माणसांनी महिनोन्‌महिने त्याच्यावर समुद्राचे पाणी मारून त्याला थोपवले. मग लोक परत आले, राख उपसली, आणि त्याच निवणाऱ्या लाव्ह्याची ऊब वापरून पुढे कित्येक वर्षे घरे तापवली! नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्रिंदाविक या गावातल्या सुमारे ३,८०० माणसांनाही असेच रातोरात घर सोडावे लागले.

चार पेट्यांत संसार भरून निघायचे, पुन्हा येऊन राख झाडून चूल मांडायची, हे त्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

कापडाचा पैसा

आता थोडा इतिहास. कंटाळू नका, फार सनावळ्या सांगत नाही.

परंपरेप्रमाणे ८७४ साली नॉर्वेहून इंगोल्फुर नावाचा माणूस बायको हालवेइग हिच्यासह इथे कायमचा राहायला आला. पाठोपाठ आणखी कुटुंबे आली. राजा कोणी नव्हता. ९३० साली सगळे मोठे शेतकरी थिंगवेत्लिर नावाच्या मोकळ्या मैदानावर जमले आणि त्यांनी आल्थिंग नावाची सभा भरवली. आजच्या आइसलंडच्या संसदेचे नावही आल्थिंगच आहे. पुढे १२६२ पासून नॉर्वेच्या राजाचा आणि नंतर डेन्मार्कचा अंमल आला. १७ जून १९४४ रोजी देश पुन्हा पूर्ण स्वतंत्र झाला. आजही या देशाला स्वतःचे खडे सैन्य नाही.

त्या जुन्या काळी या देशात नाणी फारशी नव्हती. मग व्यवहार कसा चालायचा? ऐका. घरच्या मेंढ्यांच्या लोकरीचे जाडेभरडे कापड हाच तिथला कायदेशीर पैसा होता! किती हात कापड म्हणजे किती किंमत, ते कायद्याने ठरलेले असे. एक गाय म्हणजे साधारण १२० हात कापड. हे कापड विणायचे कोण? घरोघरच्या बायका. उभ्या मागाला दगडांची वजने लावून, दिवसभर येरझारा घालत त्या विणत. म्हणजे देशाची टांकसाळ घराघरांतल्या बायकांच्या हाती होती म्हणा ना! पुढे विणकामाच्या सुया आल्या, तेव्हा लोकरीचे मोजे नि हातमोजे यांचे गठ्ठेच्या गठ्ठे परदेशी जाऊ लागले.

हिवाळ्याच्या लांबच लांब रात्री. घर कसले, तर दगड आणि गवताळ मातीच्या ढेपांचे. आत बसायची, जेवायची, झोपायची मिळून एकच लांब खोली. दोन्ही कडांना बाजा, एकेका बाजेवर दोघे-दोघे. दिवेलागणीला घरातले सगळे तिथे जमत. कोणी लोकर पिंजतेय, कोणी सूत काततेय, कोणी विणतेय. पुरुषसुद्धा विणत, बरं का! आणि एकजण दिव्याजवळ बसून मोठ्याने जुन्या वीरांच्या, भांडणांच्या, लग्नांच्या गोष्टी वाचे. या गोष्टींना 'सागा' म्हणतात. आठशे वर्षांपूर्वी वासराच्या कातड्यावर लिहिलेल्या या सागा म्हणजे त्या देशाचे खरे धन. मुलांना अक्षरे शिकवायचे काम बहुधा घरीच, आई-आजीकडून होई.

गरिबी मात्र अशी, की कधी कधी पोथ्यांचे कातडेही कामाला येई. पुढे हस्तलिखिते गोळा करणाऱ्यांना एक पान असे सापडले, की ते कोणी तरी जाकीट बेतायला नमुना म्हणून कापले होते. आपण शिवणाला वर्तमानपत्राचा नमुना कापतो ना, तसे! डेन्मार्कला गेलेली ही हस्तलिखिते १९७१ साली बोटीने परत येऊ लागली, तेव्हा शाळा-दुकाने बंद ठेवून लोक त्यांच्या स्वागताला बंदरावर उभे होते.

भाषेचाही या लोकांना असाच लळा. टेलिफोनला त्यांनी 'सिमी' हा जुना शब्द दिला, अर्थ 'धागा'. संगणकाला नाव ठेवले 'त्योल्वा'. 'संख्या' आणि 'भविष्य सांगणारी बाई' या दोन शब्दांची ती जोड आहे!

खाणे साधेच. चक्क्यासारखा घट्ट, आंबूस 'स्कीर', त्यावर दूध-साखर. मासा वाऱ्यावर कडकडीत वाळवायचा, कुटून मऊ करायचा आणि लोणी लावून पावाऐवजी खायचा. हिवाळ्याची बेगमी म्हणून मांस स्कीरच्या निवळीत मुरत ठेवायचे. साठवणीचा हिशेब चुकला तर वसंतापूर्वीच घरात फाके पडायचे. तो हिशेब ठेवणारी अर्थातच घरची बाई.

एका दारावर चार नावे

आइसलंडमध्ये आडनाव नावाचा प्रकार जवळजवळ नाहीच. वडिलांच्या नावापुढे मुलाला 'सोन' आणि मुलीला 'दोत्तिर' लावायचे. समजा, एइनारचा मुलगा योन. तो झाला योन एइनार्सोन. त्याची बायको गुद्रून, ओलाफुरची मुलगी. ती गुद्रून ओलाफ्सदोत्तिर. त्यांचा मुलगा योन्सोन, मुलगी योन्सदोत्तिर. एकाच घरात चौघांची चार नावे! लग्नानंतर गुद्रूनचे नाव बदलत नाही. तिच्या पुस्तकांवर, पासबुकावर, दारावरच्या पाटीवर जन्मापासूनचेच नाव राहते. सगळे एकमेकांना पहिल्या नावाने ओळखतात. टेलिफोनच्या यादीतसुद्धा पहिल्या नावाप्रमाणेच क्रम, आणि पंतप्रधानांनाही लोक पहिल्या नावानेच हाक मारतात.

"पण शेवटी नाव बापाचंच ना?" असे कोणी म्हणेल. खरे आहे. आईचे नाव लावायचीही तिथे मुभा आहे आणि काही जण लावतात, पण जास्त चाल वडिलांच्या नावाचीच.

म्हणून असे समजू नका, की नाव टिकले म्हणजे सगळे हक्क मिळाले. मुलींना मुलांइतका वारसा मिळाला तो १८५० साली. मताचा हक्क तर थेंबाथेंबाने आला. १९१५ साली संसदेसाठी मत मिळाले ते फक्त चाळिशी ओलांडलेल्या बायकांना! दरवर्षी एकेक वर्षाने ही अट उतरवायची असे ठरले होते. १९२० साली ती अटच गेली आणि बायका-पुरुषांचा हक्क सारखा झाला.

यासाठी झटलेली एक बाई आपल्याला जवळची वाटावी अशी आहे. ब्रीएत ब्यार्नहेदिन्सदोत्तिर तिचे नाव. तिने १८९५ साली बायकांसाठी एक पत्रिका सुरू केली, 'क्वेन्नाब्लादिद', म्हणजे 'स्त्रियांचे पत्र'. घरसंसाराच्या मजकुराबरोबरच ती हक्कांच्या गोष्टी वाचकांच्या गळी उतरवीत गेली. १९०७ साली तिने स्त्रियांच्या हक्कांसाठी संघटना काढली, आणि १९०८ साली रेक्याविकच्या नगरसभेवर चार बायका निवडून आल्या. त्यांत ती स्वतः होती.

मताचा हक्क मिळाला तेव्हा बायकांनी त्याची आठवण म्हणून काय करावे? पुतळा नाही, कमान नाही. देशाला मोठे रुग्णालय हवे म्हणून त्यांनी पैसे जमवायला सुरुवात केली. १९३० साली ते रुग्णालय उघडले. झऱ्यांचे गरम पाणी पहिल्यांदा ज्या रुग्णालयात खेळले, ते हेच.

लांबलचक शुक्रवार

आता या त्या दिवसाकडे.

संयुक्त राष्ट्रांनी १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून जाहीर केले होते. तिथल्या बायका तोवर नोकऱ्या करू लागल्या होत्या. मासे साफ करून भरण्याचे कारखाने, शाळा, रुग्णालये, दुकाने, सगळीकडे. पण पगार पुरुषांपेक्षा बराच कमी. संसदेच्या साठ सभासदांत बायका फक्त तीन. आणि घरी आल्यावर चूल होतीच.

'रेडस्टॉकिंग्ज', म्हणजे 'लाल मोजेवाल्या', या तरुण बायकांच्या गटाने कल्पना काढली: एक दिवस सगळ्याजणींनी संप करायचा. 'संप' शब्द ऐकून बऱ्याच घरंदाज बायका बिचकल्या. तेव्हा कोणीतरी सुचवले, संप म्हणूच नका, 'रजा' म्हणा. रजेला कोण नावे ठेवणार? शिवाय मालकाला रजेवरून कामावरून काढणेही अवघड. झाले! या एका शब्दाने काम केले. शहरातल्या, खेड्यातल्या, डाव्या-उजव्या पक्षांच्या, नोकरीवाल्या आणि घरीच असणाऱ्या, सगळ्याजणी तयार झाल्या.

२४ ऑक्टोबरला देशातल्या सुमारे नव्वद टक्के बायकांनी काम केले नाही. कचेरीतले नाही, घरचेही नाही. स्वयंपाक नाही, केर नाही, मुलांना सांभाळणे नाही.

पाळणाघरे बंद, कित्येक शाळा बंद, मासळीचे कारखाने ठप्प, टेलिफोनची कामे खोळंबली. बँकांत मोठे साहेब स्वतः खिडकीवर पैसे मोजायला बसले. बाबालोक मुलांना घेऊन कचेरीत गेले. जाताना खिशात गोळ्या-चॉकलेटे नि रंगीत खडू, पोरांनी गप्प बसावे म्हणून. रेडिओवर बातम्या लागल्या, तर मागून मुलांचा कालवा ऐकू येत होता! आणि दुकानांतली सॉसेजे संपली, कारण ज्यांनी कधी तवा हातात धरला नव्हता त्यांना पटकन शिजेल असे तेवढेच माहीत होते.

इकडे रेक्याविकच्या मध्यवर्ती चौकात बायका जमल्या किती? सुमारे पंचवीस हजार. देशाच्या एकूण माणसांपैकी दहांतल्या एकाहूनही जास्त! व्यासपीठावर संसदेतल्या बायका होत्या, तशीच एक साधी गृहिणी होती, आणि रुग्णालयांच्या स्वयंपाकघरांत, धुलाईत राबणाऱ्या बायकांच्या संघटनेची अध्यक्षाही होती. गर्दीत आपल्या म्हाताऱ्या आईला आणि लहान लेकीला घेऊन आलेली एक नाट्यसंस्थेची संचालिकाही उभी होती. तिचे नाव लक्षात ठेवा: व्हिग्दिस फिनबोगादोत्तिर.

संध्याकाळी बायका घरी परतल्या. दमलेले नवरे, विखुरलेली भांडी, पेंगणारी मुले. आइसलंडच्या भाषेत गुड फ्रायडेला 'लांब शुक्रवार' म्हणतात. पुष्कळ पुरुषांनी या शुक्रवारालाही तेच नाव देऊन टाकले!

आणि पुढे?

दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पुन्हा पेटली, हे सांगायला नकोच. पगारही रातोरात वाढले नाहीत. पण आपण किती कामे करतो ते त्या बायकांना स्वतःलाच पहिल्यांदा डोळ्यांनी दिसले, आणि ते घरच्यांनाही दिसले.

पुढच्याच वर्षी, १९७६ साली, स्त्री-पुरुष समानतेचा कायदा झाला. १९८० साली राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आली, तेव्हा तीन पुरुष उमेदवारांसमोर व्हिग्दिसबाई उभ्या राहिल्या. घटस्फोटित, एकट्या, दत्तक घेतलेल्या मुलीची आई. लोकांनी निवडून दिलेली जगातली पहिली स्त्री राष्ट्राध्यक्ष म्हणून त्या निवडून आल्या आणि १९९६ पर्यंत, सलग सोळा वर्षे, त्या पदावर राहिल्या. १९८३ साली बायकांच्या स्वतंत्र पक्षाने संसदेत तीन जागा मिळवल्या. २००० साली असा कायदा झाला, की बाळ झाल्यावर बापालाही त्याच्या हक्काची तीन महिन्यांची रजा मिळावी, आणि ती त्याने घेतली नाही तर आईला देता येऊ नये, बुडावी. मग काय, बाप रजा घेऊ लागले!

तरी सारे काही आलबेल नाही. २००५ साली तिथल्या बायकांनी हिशेब मांडला: पुरुषाच्या मिळकतीशी तोलले तर आपल्याला पगार मिळतो तो दुपारी २ वाजून ८ मिनिटांपर्यंतच्या कामाचा, पुढचे फुकटच. त्या दिवशी ठीक २ वाजून ८ मिनिटांनी त्या कामावरून उठल्या. २०१६ साली ती वेळ २ वाजून ३८ मिनिटे झाली होती. म्हणजे अकरा वर्षांत फायदा अर्ध्या तासाचा! २०२३ साली, २४ ऑक्टोबरलाच, त्यांनी पुन्हा पूर्ण दिवसाचा संप केला, कमी पगार आणि घरातल्या मारहाणीविरुद्ध. त्यात देशाच्या पंतप्रधान कात्रिन याकोब्सदोत्तिर स्वतःही सामील होत्या. २०२४ साली हाल्ला तोमासदोत्तिर राष्ट्राध्यक्ष झाल्या. १९७५ च्या त्या शुक्रवारी त्या सात वर्षांच्या होत्या.

मैत्रिणींनो, हे सगळे वाचून "चला, आपणही उद्या चूल बंद करू" असे काही मी सांगणार नाही. आपल्या घरी सासूबाईंची औषधाची वेळ असते, नळाला पाणी ठरावीक वेळी येते, आणि एकटीने घेतलेल्या रजेचे काम दुसऱ्या दिवशी दुप्पट होऊन आपल्याच पुढ्यात येते. त्या बायकांची रजा लागू पडली ती सगळ्याजणींनी मिळून घेतली म्हणून.

पण एक साधी गोष्ट करून पाहण्यासारखी आहे. दुधाच्या हिशेबाची वही असते ना, तिच्या मागच्या पानांवर एक आठवडाभर आपली कामे लिहा. किती वाजता उठलो, काय केले, किती वेळ लागला. निवडणे, टिपणे, पाणी भरणे, अभ्यास घेणे, आल्यागेल्याचे पाहणे, काही वगळू नका. "त्यात काय लिहायचं?" असे ज्या कामाबद्दल वाटेल, ते तर आधी लिहा. रविवारी दुपारी बेरीज करा आणि ती वही जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवा.

कोणी उघडून वाचली, तर काय म्हणाले ते आम्हाला जरूर कळवा.